तीट न लावलेला शिपाई

मी रंगवलेला शिपाई पहिल्याच रविवारी मरतो, अशी आमच्या घरात पाच वर्षं म्हण होती. म्हण कसली, रोकडा अनुभव होता. नुसता प्रायमर मारलेले करडे शिपाई वर्षानुवर्षं जगायचे आणि मी आठ-आठ दिवस डोळे फोडून रंगवलेला शिपाई टेबलावर उतरला की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आडवा. सुरुवातीला आम्ही तिघंही यावर हसायचो. हसणं सगळ्यांत आधी माझं थांबलं.

तिघं म्हणजे मी, माझा नवरा आणि दीर. नवरा नागपूरला मिहानमध्ये, जिथे विमानं दुरुस्त होतात त्या हँगरमध्ये कामाला आहे. दीर त्याच्याहून सात वर्षांनी धाकटे, शहराबाहेर वाडी गावात एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर. त्यांनी लग्न केलं नाही. गोदामाच्या मागेच एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे. नवऱ्याला मी एकेरीत बोलते आणि दिरांना अहो-जाहो करते, वयानं ते माझ्याएवढेच असले तरी. आमच्याकडे तसंच चालतं.

लॉकडाऊनमध्ये दीर चार महिने आमच्याकडे होते, तेव्हा हा खेळ घरात शिरला. इंचभर उंचीचे प्लास्टिकचे शिपाई, तोफा, घोडे. जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, पुठ्ठ्याच्या टेकड्या ठेवायच्या, दोन्हीकडे फौजा मांडायच्या. शिपाई किती सरकला ते टेपनं मोजायचं आणि कोण मेलं ते फाशांनी ठरवायचं. मेलेले शिपाई ठेवायला माझी एक स्टीलची ताटली जायची. पन्नाशीला आलेला नवरा आणि त्याचा भाऊ दर रविवारी जेवणं उरकली की संध्याकाळपर्यंत हे खेळत बसायचे. मी म्हणायची, पोट्टे बरे, निदान खेळून झाल्यावर आवरून तरी ठेवतात.

शिपाई मिळायचे करडे, बिनरंगाचे. दोघांचेही हात ब्रशासाठी बनलेले नव्हते. नवऱ्यानं रंगवलेला पहिला घोडा पाहून मला राहवलं नाही, मी त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. माझ्या माहेरी हातमाग होता. माग मी शाळेत असतानाच बंद पडला आणि वडील एका शाळेवर चौकीदार झाले, पण बारीक कामाचा हात रक्तात उतरतो म्हणतात ते खरं असावं. ट्रिपल झिरोच्या ब्रशानं शिपायाच्या कोटाची बटणं मी पहिल्याच दिवशी नीट काढली. नागपूरच्या उन्हाळ्यात रंग ब्रशावरच वाळतो, म्हणून पोळ्यांच्या डब्यात ओला नॅपकिन घालून त्यावर रंग ठेवायची युक्तीही माझीच.

माहेरी एक रीत होती. लुगडं कितीही जमून आलं तरी काठात एक धागा मुद्दाम चुकीचा घालायचा, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा जागी. बिनचूक वस्तूला नजर लागते, ती धार्जिणी होत नाही, असं आई सांगायची. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी बारावीपासून सगळ्यांना सांगत आले आहे. तरी पहिला शिपाई पूर्ण झाला तेव्हा मी त्याला उलटा केला आणि बुडाखाली काळ्या रंगाचा एक ठिपका दिला. लेकराला लावतात तशी तीट. मग प्रत्येकाला देत गेले.

दिरांना हे पहिल्या महिन्यातच कळलं. नवऱ्याच्या फौजेतला माझा शिपाई मारला की ताटलीत ठेवण्याआधी ते तो उलटा करून बघायचे. "पाहू, वहिनीनं तीट लावली का याले." मग मान हलवायचे. "लावली गा. तरी गेला बिचारा."

मी कारण शोधायला लागले. नवरा म्हणायचा, "तू उगाच डोकं लावून राहिली. फासे आहेत ते. फाशाले रंग दिसते का?"

"फाशाले नाई दिसत, मले दिसते न," दीर म्हणायचे. "करडा तं टेबलात मिसळून जाते. रंगवलेला आला की नजर त्याच्यावरच जाते."

हे पटण्यासारखं होतं. पण मी हट्टी. एकदा मी एकाच साच्यातले दोन तिरंदाज घेतले, एक रंगवला, दुसरा करडा ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं की दोघांना शेजारीशेजारी उभं कर. रंगवलेला गेला. पुढच्या आठवड्यात मी उरलेला रंगवला. तो त्या रविवारी गेला, तोही तिन्ही फाशांवर एकदम सहा पडून, जे दिवसभरात तेवढं एकदाच पडलं होतं. त्यानंतर रंगवताना मला नको ते वाटू लागलं. कपडे, पट्टे, बूट होईपर्यंत काही नाही. शेवटी डोळ्यांचे दोन ठिपके दिले की वाटायचं, चालला हा. तरी रंगवणं मी सोडलं नाही, कारण दुपारी घरात एकटीला दुसरं करायला काही नव्हतं आणि ते मला छान जमत होतं.

दिरांच्या पायांवर सूज आली ती गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी. गोदामात उभं राहून येते म्हणाले. मग तोंडावर आली. तपासणीत क्रिएटिनिनचा आकडा पाहून डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं आणि दोन्ही किडन्या गेल्या असं सांगितलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, सोमवार, गुरुवार, शनिवार. नवऱ्यानं मला न विचारता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. मला कळलं ते जेवताना, वांग्याची भाजी वाढत होते तेव्हा.

"मी देऊन राहिलो," तो म्हणाला.

"काय?"

"किडनी. दुसरं काय. जुळते म्हणते माझी."

मी भाजी वाढली आणि आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले. मला खूप भीती वाटली, याखेरीज त्या क्षणाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. लोक म्हणतात एका किडनीवर माणूस शंभर वर्षं जगतो. डॉक्टरांनीही चित्रं काढून समजावलं. मला ते सगळं कळत होतं आणि काडीचाही उपयोग होत नव्हता. मला माझा नवरा अख्खा हवा होता. दिरांनी मरावं असं मला कधीच वाटलं नाही. त्यांच्यासाठी माझ्या नवऱ्याला कापू नये, एवढंच वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकदम होणार नाहीत हे कळण्याइतकी अक्कल मला होती, म्हणून मी तो विचार कधी शेवटापर्यंत नेलाच नाही.

हॉस्पिटलच्या समन्वयक बाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की देणाऱ्याच्या बायकोची मंजुरी लागते. प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर, कॅमेरा चालू असताना, मी स्वखुशीनं हो म्हणते आहे, माझ्यावर कुणाचा दबाव नाही, असं बोलावं लागेल. नाही म्हटलं तरी चालतं, कारण विचारणार नाहीत. तीन आठवड्यांनंतरचा बुधवार ठरला. नवऱ्यानं त्यावर हसून म्हटलं, "हिले कॅमेऱ्यासमोर बोलाची भारी हौस आहे."

नाही म्हणायची सोय होती आणि नाही म्हणायचं तोंड नव्हतं. सख्ख्या दिराला मरणाच्या दारात ठेवून नाही म्हणणारी बाई आमच्या नात्यागोत्यात पुन्हा कुणाच्या हळदीकुंकवाला जाऊ शकली नसती. मला काहीतरी कारण हवं होतं, निदान स्वतःला सांगायला. तेव्हा मी मनाशी एक ठरवलं. नवऱ्यासारखा दिसणारा एक शिपाई रंगवायचा. पहिल्या रविवारी तो मेला तर कमिटीपुढे नाही म्हणायचं, जगला तर हो म्हणायचं. देवापुढे कौल लावायचा आणि चिठ्ठ्या दोन्ही सारख्याच लिहून ठेवायच्या, तसा हा प्रकार होता. तो मरणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी कप्तानाचा पुतळा निवडला. दोन आठवडे लागले. कोटाला हँगरच्या गणवेशाचा गडद निळा दिला. मिशी अर्धी पांढरी केली. नवऱ्याच्या डाव्या भुवईत जुन्या जखमेची एक खाच आहे, ती सुईच्या टोकानं काढली. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालेलं नाही. भिंगाच्या दिव्याखाली तो माझ्याकडे बघत होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती, हे आज आठवलं की कसंतरी होतं. शेवटी सवयीनं मी त्याला उलटा केला, ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि थांबले. तीट लावून काय करायचं होतं? मला तर तो जायलाच हवा होता. मी ब्रश धुऊन टाकला.

कमिटीच्या आधीचा रविवार. शनिवारचं डायलिसिस झालेलं असल्यामुळे दीर रविवारी जरा बरे असत. डाव्या हातावर डायलिसिसची पट्टी होती, तो हात मांडीवर ठेवून उजव्या हातानं फासे टाकायचे. नवऱ्यानं फौज मांडली आणि कप्तानाला सगळ्यांच्या पुढे, पार कडेला उभा केला. "अरे, हा तं मीच आहे न बे," तो म्हणाला आणि खूश झाला.

दिरांनी खेळ सुरू होण्याआधीच कप्तान उचलला. तोंडाजवळ नेऊन पाहिला. भुवई पाहिली. मग उलटा केला. तळ कोरा होता. त्यांनी अंगठ्यानं तळ पुसून पाहिला, तीट धुळीखाली असेल असं वाटून. नंतर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी आत वळले. चहाला उकळी आलेली नव्हती तरी गॅस बंद केला.

खेळ मी आतूनच ऐकला. तिसऱ्या फेरीत नवऱ्याचा आवाज आला, "मार न बे. तोफेसमोर तं उभा आहे."

"मी दुसरीकडे पाहून राहिलो," दीर म्हणाले.

चौथ्या फेरीत पुन्हा. "आता काहून सोडला?"

"ध्यानात नाई आलं, गा."

दीर त्या दिवशी सपाटून हरले. त्यांनी करडे शिपाई शोधून शोधून मारले आणि कप्तानावर एकही फासा टाकला नाही. संध्याकाळी कप्तान बाकी फौजेबरोबर डब्यात गेला, शाबूत. मी रंगवलेल्यांपैकी पहिला रविवार पार केलेला तो एकटाच. जाताना दीर पायात चपला घालता घालता म्हणाले, "येतो, वहिनी," आणि माझ्याकडे न पाहता जिना उतरले.

मी ठरवलं होतं त्याप्रमाणे आता हो म्हणायला हवं होतं. मी हो म्हणणारच होते, असं मी स्वतःला सांगते. ते तपासून पाहायची वेळ आली नाही. सोमवारी डायलिसिस संपल्यावर दिरांनी समन्वयक बाईंना सांगितलं की भावाची किडनी मला नको. मग नवऱ्याला फोन केला. नवरा गॅलरीत उभा राहून ओरडत होता, शेजारी बाहेर आले. "डोकं फिरलं का तुयं? सगळं जुळलं आहे न!" दिरांचं म्हणणं एवढंच होतं की दादाचं काम वजन उचलायचं आहे, मी यादीत नाव टाकलं आहे, एखाद्या गेलेल्या माणसाची मिळाली तर घेईन. नवरा दोनदा वाडीला जाऊन आला. शेवटी माझ्याकडे आला.

"तू सांग न त्याले. तुयं ऐकते तो."

"सांगते," मी म्हटलं.

आणि सांगितलं नाही. मंगळवार गेला, बुधवारही गेला. त्या बुधवारी मी पोटभर जेवले आणि दुपारी कूलरसमोर गाढ झोपले. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

पावसाळाभर दीर रविवारी येत राहिले. नवऱ्यानं अबोला धरला होता, तरी दोघं खेळत होते. न बोलता टेप लावायचे, न बोलता फासे टाकायचे. मी रंगवणं बंद केलं होतं, त्याचं कारण कुणी विचारलं नाही. दिवाळीनंतर दिरांचा हात फासे टाकताना थरथरायला लागला. दर आठवड्याला ते थोडे कमी होऊन यायचे. शर्ट तोच असायचा आणि आत माणूस उरत नव्हता. एकदा फासा हातातून निसटून टेबलाखाली गेला आणि त्यांना तो वाकून घेता आला नाही. नवरा जागचा उठला नाही, म्हणून मी वाकून दिला. त्यांनी माझे आभार मानले. त्या आठवड्यात मला अन्न गेलं नाही.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी मी नवऱ्याला न सांगता वाडीला गेले. गोदामासमोर ट्रकांची रांग लागली होती, हमाल पोती उतरवत होते. दीर मागच्या खोलीत खाटेवर बसून होते. मी उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर बोलले नसते.

"चला, भाऊजी. मी मंजुरी देते. नवी तारीख घेऊ."

त्यांनी मला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. मग सावकाश म्हणाले, "आता नाई होत वहिनी. हार्टचं पंपिंग कमी झालं म्हणते डॉक्टर. ऑपरेशन सोसणार नाई म्हणते. मागच्याच महिन्यात सांगितलं त्यायनं."

मी पेला खाली ठेवला. मग विचारलं, "त्या रविवारी का नाही मारलात कप्तानाला?"

"आजवर तं मीच मारले न, तुम्ही रंगवलेले सगळे. त्यात काही जादू नोहती. दादा तुमचा शिपाई सगळ्याच्या समोर ठेवते. तुमाले दारातून दिसला पाहिजे म्हणून. अन् समोर राहील तो मरते." ते दम घ्यायला थांबले. "पण तो बिनतीटेचा पाहिला अन् समजलं, हा तुम्ही मराले दिला. वहिनीले एवढं भेव वाटून राहिलं आहे तं मले नाई पाहिजे, म्हटलं."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. बाहेर कुणीतरी ट्रक मागे घ्यायला हाका देत होतं. मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. "दादाले सांगू नका," म्हणाले. "त्याले वाटते मीच हट्टी आहे. राहू द्या तसंच."

आता दीर आमच्याकडेच राहतात. वाडीची खोली सोडली. मधल्या खोलीत त्यांची खाट आहे, सोमवार-गुरुवार-शनिवार नवरा त्यांना घेऊन जातो, सुट्टी मिळाली नाही की मी नेते. डॉक्टर आता पुढचं काही बोलत नाहीत. रविवारी हिरवं कापड अंथरलं जात नाही. नवऱ्याचा अबोला मात्र संपला आहे.

परवा नवऱ्याची मावशी उमरेडहून भेटायला आली. दिरांकडे पाहून तिनं पदर डोळ्याला लावला आणि नवऱ्याला विचारलं, सख्खा भाऊ असून तू काहून नाही दिली. नवरा कळवळून म्हणाला, "मी तं देणारच होतो मावशी. हीसुद्धा तयार होती. कॅमेऱ्यासमोर जाऊन बोलणार होती. दुसरी बाई असती तं आडवी पडली असती. हाच नाई म्हटला."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. मावशीनं दिरांकडे पाहिलं. ते उशीला टेकून पडले होते, बोलायलाही त्यांना श्वास जमवावा लागतो. तेवढा जमवून ते म्हणाले, "हाव वं मावशी. वहिनी तं पहिल्या दिवसापासून तयार होती."

मावशीनं माझ्या हातातला ट्रे काढून घेतला, डोक्यावरून हात फिरवला आणि मला आपल्याजवळ बसवून घेतलं. मी बसले.